सावनीचा तिसरा विषय

— केमिस्ट्रीच घ्या. दुसरं काही नाही, लीनावहिनी, केमिस्ट्रीच. फिजिक्स, मॅथ्स आणि केमिस्ट्री, तिन्हींवर टिक करा आणि मोकळ्या व्हा. शाळेची लिंक आज संध्याकाळी बंद होतेय ना? मग बसा, चहा घेता घेता भरून टाका इथेच — काय? डिझाइन अँड टेक्नॉलॉजी? घेऊ दे की चौथा विषय म्हणून, कोण नको म्हणतंय. हात चांगला आहे तिचा, लहानपणी तुमच्या अमवाजच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पुठ्ठ्याची घरं करत बसायची सावनी, मी पाहिलीत ना. पण केमिस्ट्रीच्या जागी नको. भाऊजींची नैरोबीला बदली झालीय, दोन वर्षांनी शाळा संपली की तुम्ही दोघीही जाणार, पोरीला तिकडेच इंजिनिअरिंगला घालायचंय — मग तिथे पहिलं हेच विचारतात. फिजिक्स आहे? आहे. मॅथ्स? आहे. केमिस्ट्री? — नाही म्हटलं की खलास. टेक्निकल विषयात कितीही मार्क असोत, छान छान म्हणतात आणि पुढच्याला बोलावतात.

हसताय होय? आफ्रिका म्हणून? हसा. मीही हसले होते. आपल्या लोकांना वाटतं, पुण्याला नाही जमलं, यूकेचं झेपलं नाही, तर आफ्रिका आहेच, तिकडे काय, कोणीही जावं आणि इंजिनिअर होऊन यावं. जसं काही तिथले लोक हार घेऊन उभेच आहेत, बहरीनहून आपली पोरं कधी येतात म्हणून. अहो, तिथली पोरं जीव तोडून अभ्यास करतात त्या जागांसाठी. तुमच्या-माझ्या पोरांसाठी कोण नियम वाकवणार? माझे दाजी, ताईचे मिस्टर, कित्येक वर्षं तिकडे आहेत, टाइल्सचं मोठं गोडाऊन आहे, निम्म्या नैरोबीशी रामराम — त्यांनी किती खटपट केली, पण तो नियम तसूभर हलला नाही.

कशासाठी खटपट म्हणजे — असंच. होतं कोणाचं तरी. तुम्ही चहा घ्या, गार होतोय.

तेजूचं? तेजूचं काय? — हो. नव्हती घेतली तिनं केमिस्ट्री. बरोबर आहे तुमचं, तिनं डिझाइनच घेतलं होतं तिसरं, आणि तरी मिळालं तिला नैरोबीला इंजिनिअरिंग, म्हणून तर तुम्ही माझ्याकडे आलात, की मंगलावहिनींच्या तेजस्वीचं जमलं तसं आमच्या सावनीचंही जमेल — नको, फोटो नका दाखवू. मला माहितीये तो फोटो. मीच टाकला होता मंडळाच्या ग्रुपवर. पिवळं हेल्मेट, काखेत गुंडाळलेला नकाशा, मागे पत्र्याची शेड. काय ते अंगठे आणि काय ती फुलं. ‘भावी इंजिनिअर’ असं तुम्हीच लिहिलं होतंत, वर केकचं चित्र.

ते हेल्मेट दाजींच्या गोडाऊनचं आहे, लीनावहिनी. नकाशा कुठल्याशा हॉटेलच्या बाथरूमचा. तेजू इंजिनिअरिंगला नाहीये. कधीच नव्हती. घेतलंच नाही त्यांनी तिला. सकाळी मॅनेजमेंटचा कसला तरी डिप्लोमा करते आणि दुपारी दाजींच्या काउंटरवर उभी राहून गिऱ्हाइकांना टाइल्सचे रंग दाखवते. स्वाहिली छान बोलते म्हणे आता. ज्या पोरीनं सातवीत घरातला मिक्सर उघडून पुन्हा जोडला होता — जाऊ दे. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. कोणालाच नव्हतं सांगायचं. ह्यांनासुद्धा ऑफिसात इंजिनिअरिंगच सांगायला लावलंय मी.

पण आता निघालंच आहे तर ऐका. तिनं केमिस्ट्री का सोडली, ते विचारा ना मला. नाही विचारणार तुम्ही. आठवतच नसेल तुम्हाला, तुमच्यासारख्यांना आठवत नाही. मी सांगते. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, जनाबियाला, मंडळातल्या सगळ्या होतो. तुम्ही मोरपंखी पैठणी नेसला होतात. माझ्या हातावर तिळगूळ ठेवलात, गोड बोला म्हणालात, आणि स्वतः इतक्या गोड बोललात — ‘मंगलावहिनी, कशाला पोरीला केमिस्ट्रीत रगडताय? इंजिनिअरिंगला टेक्निकल विषय जास्त बरा. मॉडेल करायची, ड्रॉइंग काढायची, मार्कांना मार्क. आम्ही अथर्वला तोच देतोय.’ आम्ही अथर्वला तोच देतोय. हे शब्द तुमचेच. मी घरी येताना गाडीत ह्यांना म्हटलं, बघा, बाईचा मोठेपणा बघा, दोघं वर्गात एकमेकांच्या पुढे-मागे, पहिला नंबर कधी हिचा कधी त्याचा, तरी मनात काही न ठेवता सांगितलं. तेजू आदळआपट करत होती, आई, फिजिक्सच्या मिस म्हणतात केमिस्ट्री ठेव, आई, मला आवडते केमिस्ट्री. पण पोरीचं कोण ऐकतं? तुमच्यासारखी अनुभवी बाई सांगतेय म्हटल्यावर? मी बसले तिच्या शेजारी आणि भरून घेतलं तिच्याकडून.

शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी तेजू घरी आली, दप्तर टाकलं, म्हणाली, अथर्व केमिस्ट्रीत आहे. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, अहो, ऐनवेळी सरांनी भरीला घातलं हो, आमचा अगदी नाइलाज झाला. मी तेही खरं मानलं. तेजू म्हणत होती, अजून आठवडाभर विषय बदलता येतो, बदलू का? मी म्हटलं, गप बस, लीनावहिनी मुद्दाम कशाला चुकीचं सांगतील — काय बघताय? म्हटलं होतं मी असं. तुमच्या बाजूनं भांडले मी माझ्या पोरीशी.

आणि मग तो गुणगौरव. मंडळाचा. मीच कमिटीत, म्हणजे नारळ-शाल मीच आणून ठेवलेली, आणि केमिस्ट्रीत पहिला म्हणून तुमचा अथर्व स्टेजवर. टाळ्या वाजवल्या मी. शेजारी पाहुण्या म्हणून कोण बसल्या होत्या माहितीये ना? नुसरत टीचर. मनाम्यात केमिस्ट्रीच्या ट्यूशन घेतात त्या. मला म्हणतात कशा, ‘अथर्व तो हमारा पुराना बच्चा है, नौवीं से आ रहा है.’ नववीपासून. म्हणजे हळदीकुंकवाला तुम्ही माझ्या हातावर तिळगूळ ठेवत होतात तेव्हा तुमचं पोरगं वर्षभर ट्यूशनला जात होतं. केमिस्ट्रीच्या. आपल्याकडे ट्यूशन लपवतात सगळेच, मला काय ते नवीन नाही, आम्ही नाही बाई लावली म्हणायचं आणि पोराला मागच्या गल्लीत गाडीतून उतरवायचं — मीही लपवलीय मॅथ्सची. पण लपवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पोरीला वाटेतून बाजूला करणं वेगळं. केसानं गळा कापलात तुम्ही माझ्या तेजूचा. आणि कशासाठी? एका नारळासाठी? शालीसाठी? तो आता आहे पुण्याला, होईल इंजिनिअर, काय कमी पडलं असतं त्याला, तेजू शेजारच्या बाकावर असती तर?

नाही, मध्ये बोलू नका. इतके दिवस तुम्हीच बोलताय. त्या युनिव्हर्सिटीत तेजू दाजींबरोबर गेली होती. साइटवर नुसतं लिहिलेलं, ‘योग्य ते विज्ञान व टेक्निकल विषय’ — गुळमुळीत, त्यालाच आम्ही भुललो. आत गेल्यावर बाईंनी कागद बघितले, डिझाइनचे मार्क बघून खूश झाल्या, आणि मग चष्मा काढून विचारलं, केमिस्ट्री कुठाय? दाजी सांगतात, तेजू तिथे रडली नाही. बाहेर पार्किंगमध्ये येऊन रडली. आणि तिनं मला फोन नाही केला. दाजींनी केला. आजही आठवड्यातून एकदा बोलते माझ्याशी, जेवलीस का, जेवले, औषधं घेतेस का, घेतली. संपलं.

मग मी काय केलं माहितीये? वाट बघितली. दोन वर्षं तुमच्याकडे हसून येत राहिले, तुमच्या सत्यनारायणाला शिरा ढवळला, आणि वाट बघितली तुमची सावनी ह्या वर्गात यायची. मला माहीत होतं, येणार तुम्ही. फुकटचा सल्ला तुम्ही सोडत नाही, देतानाही आणि घेतानाही. भाऊजींच्या बदलीचं कळलं त्या दिवशी मी देवासमोर साखर ठेवली. खोटं नाही सांगत. भांडी घासताना म्हणून बघायचे, ‘लीनावहिनी, कशाला पोरीला केमिस्ट्रीत रगडताय’ — तुमच्याच चालीवर, तुमच्यासारखी मान वाकडी करून. पाठ होतं मला.

तिला केमिस्ट्री झेपत नाही म्हणता? रडते? रडू दे. माझी नाही रडली? दोन वर्षं रोज रात्री रडली तरी मला त्याचं सुखच वाटेल, असं तोंडावर सांगते तुम्हाला. नापास झाली तरी —

— मग आज खरं का सांगितलं? हां. हा प्रश्न बरा विचारलात. तेजूनं सांगितलं म्हणून. परवा फोनवर मी तिला म्हटलं, सावनीचं विषय निवडायचं चाललंय, लीनावहिनी येणारेत. मला वाटलं तिलाही बरं वाटेल. ती म्हणाली, आई, तिला खरं सांग. सावनीनं काय केलंय? मग तुम्ही दारात आलात, चपलाही काढल्या नव्हत्या, तोवर मी सांगून टाकलं, केमिस्ट्री घ्या.

असं काय बघताय? — मी खोटं बोलतेय? कधी, आज? की दोन वर्षांपूर्वी, तो फोटो टाकला तेव्हा? हो, दोन्हीतलं एक खोटं आहे, हिशेब बरोबर आहे तुमचा. तुम्हाला वाटतंय, हिची पोरगी तिकडे मजेत इंजिनिअर होतेय आणि ही माझ्या सावनीला नको त्या विषयात अडकवून नापास करायला बघतेय. सूड म्हणून. चोराच्या मनात चांदणं, वहिनी. तुम्ही माझ्या जागी असतात तर तेच केलं असतंत, म्हणून मीही तेच करतेय असं वाटतंय तुम्हाला.

तेजूला? आत्ता लावू फोन? लावता येईल की. नैरोबीचं आणि आपलं घड्याळ एकच, आत्ता काउंटरवर असेल ती, एका रिंगमध्ये उचलेल. हा बघा तिचा नंबर. एक बोट लावलं की बोलेल, आणि ती तुमच्याशी खोटं बोलणार नाही, ती माझ्यावर गेलेली नाही —

नाही. नाही लावत. का म्हणून लावू? माझ्या पोरीनं तुमच्यासमोर साक्षीला उभं राहायचं? टाइल्सच्या काउंटरवरून सांगायचं, हो काकू, मला नाही घेतलं, हो काकू, आई खरं बोलतेय? तुमची खात्री पटावी म्हणून? एवढं तुमचं देणं लागत नाही आम्ही. मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलंय. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

— काय करताय? टिक काढताय. बरं.

डिझाइन अँड टेक्नॉलॉजी. बरं. तुमची पोरगी, तुमचा फोन. नीट बघून दाबा, एकदा पाठवलं की मफी, इथले अरब म्हणतात तसं, नाही म्हणजे नाही, पुन्हा उघडत नाही — नाही, मी कुठे काय म्हणतेय? मी काहीच म्हणत नाहीये. तेजूनं खरं सांग म्हटलं, मी सांगितलं. तुम्हाला ते पटवून दे, असं ती म्हणाली नव्हती.

गेलं? हिरवी खूण आली? झालं तर मग.

कप राहू द्या तिथेच, मी उचलते. निघा आता, पुलावर गर्दी होईल तुम्हाला. आणि सावनीला म्हणावं — नाही. काही म्हणू नका. या.