गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आधी

—नाही नाही, अडकलेलं नाहीये ते, बसा तुम्ही. आतली तयारी चाललीये. ती पांढरी रेघ सरकतेय ना, म्हणजे चाललंय. सोपं आहे हो — तुमच्या कारखान्यातल्या पत्रे कापायच्या यंत्राचा मेंदू, म्हणजे तो जुना प्रोसेसर, जळला, आणि तसला आता बाजारात मिळत नाही — बरोबर? मग आमचं सॉफ्टवेअर काय करतं, या साध्या संगणकाच्या पोटात त्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल उभी करतं. तुमच्या जुन्या प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही की मालक बदललाय! आणि एकाची नाही, चाळीस प्रोसेसरांची मॉडेलं आहेत आमच्याकडे. चाळीस! ... हो, तुम्हाला एकच हवंय, कळलं. पण सुरू करताना चाळीसही तयार होतात. का? धोरणच आहे तसं. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आधी माल हजर.

आता कोणी म्हणेल, पाहुणा एक, तर अंथरुणं चाळीस कशाला? म्हणणारे होतेच. एक बाई होत्या आमच्याकडे, हुशार — तशा फटकळच. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला आधी विचारा — यंत्र कुठलं, आणि नक्कल सगळी आपणच करायची की या संगणकातल्या खऱ्या प्रोसेसरची मदत घ्यायची — ते ठरलं की मग तेवढं एकच मॉडेल तयार करा. कारण मदत घ्यायची तर मॉडेलची मांडणीच वेगळी लागते ना! आम्ही आधी सगळं मांडतो, मग गिऱ्हाईक सांगतं, मग मांडलेलं मोडतो, पुन्हा मांडतो. त्यात एखादी गोष्ट जुन्याच जागी राहून जाते — नाही, तुमचं नाही राहणार. मागे एकांचं राहिलं. त्यांचं यंत्र उलटं फिरायला लागलं — पडद्यावर हो, पडद्यावर! कोणाला लागलं नाही.

बैठक झाली की त्यावर. ती उभी राहिली, फळ्यावर सगळं काढून दाखवलं, आणि म्हणाली, "चाळीसजणांना गुडघ्याला बाशिंग बांधून उभं केलंय, आणि लग्न कोणाचं तेच ठाऊक नाही!" सगळे हसले. साहेबही हसणार होते, पण हे सॉफ्टवेअर लिहिलंय साहेबांच्या जावयानं, आणि जावईबापू समोरच बसलेले. मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही काय केलं असतंत? मी म्हटलं, "तत्परता हीच आपली ओळख." जिन्यात पाटी लावलीये त्याची, येताना वाचली असेल. तिनं त्याच दिवशी राजीनामा दिला. मला बढती मिळाली — त्यामुळे नाही हं, ती मिळणारच होती. आणि घरी आल्यावर म्हणते कशी, "अभिनंदन. भाजी गरम करून घे" —

घरी म्हणजे... हो. बायकोच ती माझी. सांगायचं काही कारण नव्हतं, तुम्ही पण माणसाला बोलतं करता! नाही, ठीक आहे आमचं. बोलतो की. गॅस संपला, दूध आण — असं बोलतो. बाकीचं आईमार्फत. परवा मी आपणहून विचारलं, कसं चाललंय तुझ्या दुकानाचं? तर म्हणाली, "विचारायला शिकलास की!"

दुकान म्हणजे हेच हो, दुसरं काय येतं तिला? तीन माणसं आणि एक खिडकी. गिऱ्हाईक आत आलं की आधी नुसते प्रश्नच विचारत बसते — यंत्र कुठलं, चालवतं कोण, अडलंय कुठे. आम्ही इथे हसायचो. आणि मग एकच मॉडेल उभं करते, ते असं झटकन — ऐकीव हं, मी पाहिलेलं नाही. पाहिलं, एकदा, दाराच्या काचेतून. समोरच्या माणसानं चहाचा कप उचलला होता फक्त, पहिला घोटही घेतला नव्हता.

तुमचा प्रोसेसर? तिच्याकडे सहाच आहेत, पण ... हो, त्यात आहे तुमचा. कुठे म्हणजे? समोरच, औषधाच्या दुकानावर, दुसरा मजला. मी पाठवत नाहीये हं, तुम्ही विचारलंत म्हणून — अहो, रेघ अर्ध्यावर आलीये! थांबा तरी... बरं. यंत्र बंद, माणसं बसून, खरंय. मी कुठे अडवतोय? फक्त मी सांगितलं असं तिला सांगू नका. किंवा सांगा. नाही, नकोच — आणि मागच्या जिन्यानं जा, पुढे साहेब बसलेत.