कागदावरचे दहा हजार

चहा पी गा, पण स्टॅम्प ड्यूटी वाचवायचा सल्ला मले देऊ नको. आम्ही घर घेतलं अठरा हजारात. माहा साळा म्हणे, "भाऊजी, कागदावर दहाच लिहा, ड्यूटी कमी लागते." लिहिले. दोन वर्षांनी रस्ता रुंद करायले निघाले, अन् हातमागाची समोरची खोली त्यात गेली. भरपाई धरली कागदावरच्या दहा हजारावर. मी साहेबाले म्हटलं, "घर अठराचं आहे." तो म्हणाला, "मग खोटं का लिहिलंत?" आता हातमाग अंगणात ताडपत्रीखाली सडून राहिला. अन् परवा हाच साळा, माह्याच घरी जेवता जेवता, पाहुण्याले सांगून राहिला होता, "भाऊजीची ड्यूटी मीच वाचवली."