द्वारपालाचं काळं नख

नाही, नुसता आवाज कमी करू नका, बंदच करा तो फोन. आत वहिनी पडल्या आहेत, त्यांच्या कानावर गेलं तर — नाही, राग नाही आला मला. तुम्हाला कुठं माहीत होतं. फोन वाजला की आतून म्हातारा बोलतो, "दार उघडायचं की नाही, ते दारच ठरवतं" — हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात हा म्हातारा. भाजीच्या रांगेत उभा असलो तरी कुणाच्या तरी खिशातून बोलतो आणि मी उगाच वळून बघतो. माझा थोरला भाऊ तो. हो, तोच, त्या मालिकेतला, सातव्या दारावरचा द्वारपाल. अहो, माझ्याशी कसले हात मिळवताय, मी काय केलंय? बसा. टीव्ही तो तिथं. अचानक बंद पडला. सावकाश बघा, घाई नाही. खरंच घाई नाही — रविवारच्या आत झालाच पाहिजे म्हणून पुतणीनं बोलावलं तुम्हाला, पण ती गेली कामावर, तिची घाई तिच्याबरोबर गेली.

माझं बोलणं हळू आहे, तेवढं सोसून घ्या. जन्मभर खुर्च्या आणि कोच मढवले. बारीक खिळे तोंडात धरायचे, एकेक काढायचा, ठोकायचा. तोंडात खिळे असले की माणसाला बडबड करता येत नाही. दादाचं उलटं. तो नाटक कंपनीत पडदा ओढायचा — सगळी उमर दोरीला लटकून गेली, पण आडोशाला उभं राहून सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ. घरी येऊन राजाचं वाक्य राजासारखं, राणीचं राणीसारखं म्हणायचा, आणि वहिनी भांडी घासता घासता हसून ओल्या हातानं डोळे पुसायच्या. म्हातारपणी कुणीतरी त्याला बघितलं आणि ही मालिका मिळाली. राक्षस काय, उडते घोडे काय, बोलणारे दगड काय, मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण त्या दारापाशी दादा उभा राहिला की बरं वाटायचं. हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाकडं असं बघायचा, की जणू ह्यानं सकाळपासून काही खाल्लंय का नाही. ते कुणी शिकवलं नव्हतं. तो माणसाकडं तसाच बघायचा.

काय? — आलंच. मला वाटलंच होतं, झाकणाचा पहिला स्क्रू निघायच्या आत तुम्ही रूपचोराचं विचारणार. एक सांगा, तुम्हीही त्यातलेच का, लिहिणाऱ्यांतले? नुसतं वाचता. बरं. वरच्या मजल्यावरची मुलं लिहितात, फोनवर, मालिकेबद्दल. चांगल्या घरची, शिकलेली, मला वाकून वाट देणारी मुलं. भाग संपला की जिन्यात येऊन बसतात. चित्र थांबवतात, दोन बोटांनी ताणून मोठं करतात, अजून मोठं करतात — रस्त्यात मेलेलं जनावर काडीनं उलथंपालथं करून बघावं ना, तसं. द्वारपाल हल्ली झग्याची टोपी नाकापर्यंत ओढून का असतो? बोलत का नाही? आणि त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं का? आधीच्या भागांत तर चांगलं होतं! झालं. म्हणे खरा द्वारपाल मेला. रूपचोरानं, मालिकेतल्या त्या राक्षसानं, त्याला खाल्लं, त्याचं कातडं पांघरलं आणि आता तोच उभा आहे दारात. आवाज तेवढा चोरता आला नाही, म्हणून मुका. आणि काळं नख ही त्याची खूण. थिअरी म्हणतात ह्याला. मला नातवाच्या वयाच्या पोरानं समजावून सांगितलं, एवढ्या प्रेमानं, की त्याच्या तोंडाकडं बघवेना.

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. खाल्लं तर आधी काय खाल्लं — डोळे की जीभ? त्यावर भांडण. दोन तट पडलेत, डोळेवाले आणि जीभवाले, एकमेकांच्या आया-बहिणी काढतात. एकानं दादाच्या तोंडाचं चित्र काढलं, अर्धं सोललेलं, केळं सोलावं तसं, आणि त्याच्याखाली हजारो जणांनी हसरी तोंडं चिकटवली. शाबास म्हणाले त्याला. अहो, म्हातारा माणूस आहे तो! पंधरा भाग दार उघडून दिलं तुम्हाला, कुणाला एक वाकडा शब्द बोलला नाही, आणि तुम्ही बसलाय त्याची जीभ मोजत? मला शिसारी येते. जिन्यात त्यांच्या मधून वर जायचं म्हटलं तरी अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं. आणि सगळ्यात घाण कुठलं सांगू? रूपचोर म्हणे नुसता दारात उभा राहत नाही. संध्याकाळी मेलेल्या माणसाच्या घरी जातो, त्याच्या खुर्चीत बसतो, त्याच्या बायकोनं वाढलेलं खातो, आणि ती बिचारी — हसायला काय झालं? नाही, वाचलं असेल तुम्ही, मजेशीर लिहिलंय, मला माहीत आहे. पण ज्याचा भाऊ खरंच गेला, त्यानं जिन्यात उभं राहून ते ऐकायचं कसं?

हो. गेला दादा.

मालिका अर्ध्यावर असताना. छातीत दुखलं, बसला, गेला. कंपनीनं बाहेर कळू दिलं नाही. कुठं बोलू नका हं तुम्ही — मला सांगायचं नव्हतं हे. निसटलं. खिळे नाहीत ना तोंडात.

फोटो नाही लावला भिंतीवर, ते वहिनींसाठी. त्यांचं डोकं आता पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखं झालंय, ओढली की पुसली. दादा गेला हे त्यांना सांगितलं, त्या रडल्या — असं रडणं तुम्ही ऐकू नये. दुसऱ्या दिवशी उठून विचारलं, "हे अजून आले नाहीत का?" परत सांगितलं. परत तेच रडणं, पहिल्यांदाच कळल्यासारखं. मग पुतणी म्हणाली, काका, आता पुरे. आईला रोज विधवा करायची नाही मला. तेव्हापासून दादा शूटिंगला गेलेला असतो. रविवारी मालिका लागली की वहिनी त्या खुर्चीत बसतात — तिची बैठक मीच भरली, त्यांच्या पाठीला सोसेल अशी — आणि द्वारपाल दिसला की म्हणतात, "किती वेळ उभं करतात बाई ह्यांना. भाऊजी, तुम्ही सांगा ना कुणाला, एक स्टूल द्या म्हणावं." आठवडाभराचा जीव त्यांना तेवढ्यात मिळतो. तेवढं बघून त्या शांत झोपतात, आणि —

काय बघताय? — अंगठा. हातोडी लागली. जुनं आहे. आमच्या धंद्यात ज्याचं नख पांढरं, त्यानं काम केलं नाही असं समजतात. — हो, उजवा. मी डावखुरा आहे, हातोडी डाव्या हातात, खिळा उजव्या. तुम्ही असे काय — तोंड मिटा, माशी जाईल.

बरं. आता तुम्ही बघितलंच आहे.

खांदे सारखे आहेत आमचे. पाठीमागून आईसुद्धा चुकायची. दादा गेल्यावर ती मालिका लिहिणाऱ्या बाई घरी आल्या होत्या. भल्या बाई. म्हणाल्या, काका, द्वारपालाला असं मधूनच गायब करायला जीव होत नाही. थोडे भाग तुम्ही नुसते उभे राहा, टोपी घालून, बोलायचं काही नाही. शेवटी तो किल्ल्यांचा जुडगा त्या लहान राजकन्येच्या हातात देईल, दार स्वतःच्या हातानं उघडेल आणि उजेडात चालत जाईल. मानानं निरोप देऊ त्याला. मला ते फार आवडलं. मी वहिनींकडं बघितलं आणि हो म्हणालो. कपडेपटवाल्यानं दादाचाच झगा अंगावर चढवला, आणि कॉलरला त्याच्या तेलाचा वास होता, तर मी तिथंच — जाऊ द्या. उभा राहिलो. मला अभिनय येत नाही. पण दारात उभं राहून, आलेल्याचं पोट भरलंय का, एवढं बघायला काय अभिनय लागतो?

आणि घरी — आता सगळंच सांगतोय तर हेही ऐका — वहिनी रविवारी मालिका संपली की ताट झाकून ठेवतात. ह्यांना उशीर होईल म्हणतात. उठल्यावर ते ताट तसंच दिसलं तर दिवसभर त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. मग ते कोण खाणार? पुतणीला घास उतरत नाही. मीच खातो. मागच्या खोलीत, दादाच्या खुर्चीत, अंधारात, आवाज न करता. आता कळलं, जिन्यातलं ते वाक्य ऐकून मला कसं झालं? ती पोरं गंमत करत होती, आणि मी हातातली पिशवी घेऊन उभा, आणि सगळं खरं. झगा त्याचा, खुर्ची त्याची, ताट त्याचं. मला वाटलं, ह्यांना कुणी सांगितलं? शिसारी येते म्हणालो ना मघाशी — ती काही नुसती त्यांचीच नाही आली.

तर पुढं. ती थिअरी इतकी पसरली, की कंपनीची माणसं खुशीत हात चोळायला लागली. लोकांना हेच हवंय म्हणाले. बाई भांडल्या, त्यांचं कोण ऐकतो. किल्ल्या गेल्या, उजेड गेला. परवा मला बोलावलं. खुर्चीत बसवून तोंडावर रबर चिकटवलं — बिनडोळ्यांचं, ओल्या कातड्याचं, आणि अशी लोंबणारी जीभ. डोळेवाले जिंकले. आरशात बघितलं तर दादाचा झगा आणि वर ते. मी उठून निघालो होतो. मग मनात आलं, मी गेलो तर दुसरा कुणी हा झगा घालेल. परका माणूस. त्यापेक्षा मीच. राजकन्येनं टोपी ओढली, सगळे किंचाळले, तलवार घुसवली, पोटातून हिरवा चिकट पदार्थ निघाला, आणि मी पडलो. झकास पडलात म्हणाले, टाळ्या वाजवल्या. त्या चिमुरड्या पोरीनं तेवढं हळूच विचारलं, आजोबा, लागलं नाही ना? तेवढं एकच माणसासारखं बोलणं झालं तिथं. मी घरी आलो, तर वहिनी विचारतात, "भाऊजी, दिसले का हे? बरे आहेत ना?"

रविवारी हे लागणार आहे. त्या खुर्चीत बसून त्या हे बघणार.

नाही, उंदीर नाही. उंदीर इतकं सरळ कापत नाही, बरोबर ओळखलंत. रेक्झिन कापायची कात्री आहे माझी, तिला धार चांगली आहे. झाकण काढलं, आतली वायर कापली, झाकण लावून टाकलं. पुतणीला माहीत नाही — भागात काय आहे ते घरी सांगायचं नाही, असं कंपनीनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. म्हणून म्हणतो, ती पक्कड खाली ठेवा. जोडू नका. पार्ट मिळत नाही म्हणून सांगा तिला, बाहेरून मागवावा लागेल. तुमची फेरी फुकट जाणार नाही, मी बघतो त्याचं. आणि ती थिअरी खरी निघाली म्हणून रविवारी तुम्ही मित्रांबरोबर खुशाल नाचा, मी काही म्हणणार नाही, फक्त हे घर तेवढं —

अहो, फोन! बंद केला नव्हतात? दाबा, दाबा लवकर — "दारच ठरवतं" म्हणे — ऐकलं त्यांनी. पलंग वाजला.

काही नाही वहिनी. यांचा फोन होता. टीव्हीवाले आहेत हे. सावकाश, भिंतीला धरून या. — नाही, आले नाहीत. आवाज फोनमधला होता. हो, त्यांचाच, पण फोनमधला. बसा. ही खुर्ची. — टीव्ही ना, बंद आहे. ह्या रविवारी दिसायचा नाही. — रडू नका. ऐका, मी बघून आलोय ना परवा, समोर उभा होतो. मी सांगतो काय झालं. दादांचं तिथलं काम संपलं. किल्ल्यांचा तो मोठा जुडगा त्यांनी त्या छोट्या राजकन्येच्या ओंजळीत दिला. तिला पेलेना, तर हसले. मग सातवं दार स्वतः उघडलं, एकट्यानं, आणि बाहेर इतका उजेड होता, की मला डोळ्यांवर हात धरावा लागला. सगळे उठून उभे राहिले. हो, टाळ्या वाजवल्या. झगा काढून नीट घडी घालून ठेवला आणि चालत निघाले. आता उभं राहायचं नाही त्यांना. दमले होते, तुम्ही म्हणायचात ना. मानानं निघाले, वहिनी. मी डोळ्यांनी बघितलं.

काय म्हणालात, वहिनी?

"मग घरी का नाही आले?" —

अहो, तुम्ही निघा आता. ते झाकण राहू द्या तसंच. आणि जाताना दार नुसतं ओढून घ्या. कडी नका लावू.