सात दिवस पालथा

न्हाय, वर बघत न्हाय मी, पावणं — राग मानू नका, मनाई हाय. मला तुमच्या फक्त चपला दिसतात. शेजारच्या खाटेवरच्या उमरभाईंकडं आलाय न्हवं? तपासायला नेलंय त्यांना. बसा. माझ्या डोळ्याचा पडदा सुटला होता — आतला, नाटकाचा न्हवं. परवा ऑपरेशन करून तो चिकटवला आणि डोळ्यात गॅस भरला. तीस वर्षं कचेरीत मी लोकांना गॅसवर ठेवलं, आता गॅस माझ्याच डोळ्यात. म्हणे बुडबुडा वर चढतो, पडद्याला दाबून धरतो, म्हणून सात दिवस पालथं पडायचं, जेवायचं ते पण मान खाली घालून. कोण म्हणतं? डॉक्टर आदिती चौगुले. काल दारात तिच्या बापाचा आवाज ऐकला आणि माझं डोकं फिरलं — कल्लाप्पाची पोर ही. आधी कळलं असतं तर काय केलं असतं? काय न्हाय, आंधळा झालो असतो.

कल्लाप्पा कोण? पोरीच्या प्रवेशासाठी दाखला मागायला यायचा. मी त्रुटी काढली — एका कागदावर कल्लाप्पा, दुसऱ्यावर कलाप्पा, एक ल कमी. नियम म्हणजे नियम. अकरा हेलपाटे. टेबलापुढं मान खाली घालून उभा राहायचा बिचारा — बिचारा कसला, उभा राहायचा. पोरीचं वर्ष गेलं, असं म्हणतात. आणि आता मलाच तेवढं मान खाली घाल म्हणते, उमरभाई मात्र ताठ बसून चहा पितात. बघितलं की मी — काल दुपारी, जरा मान वर करून. जरा म्हणजे त्यांचा चहा संपेपर्यंत. काय म्हणता, त्यांचा मोतीबिंदू हाय? पडदा न्हवंच? मला कुणी सांगितलं न्हाय. विचारलं न्हाय मी, ते पण खरं हाय.

सकाळपासनं नाकाच्या बाजूनं काळं चढतंय. असलं काय दिसलं तर लगेच सांगा, उशीर केला तर डोळा जाईल, म्हणाली होती. मघाशी येऊन विचारून गेली, मी म्हटलं सगळं व्यवस्थित. सांगितलं तर विचारणार, मान का वर केली — काय सांगू, तुझ्यावर संशय आला? अहो, बेल दाबू नका. थांबा. झोपेत मान वळली म्हणून सांगा तिला — न्हाय, नको, मीच सांगतो. झोप कसली, मान वर करून तिचीच चौकशी करत होतो मी. जावा, बोलवा तिला. आणि तुम्ही बाहेरच बसा, दार ओढून घ्या.