बायजाबाईंची पाठ

विलायतेत शिकून मी कल्याणच्या दवाखान्यात आलो, तेव्हा रोगी ढीगभर आणि डॉक्टर मी एकटाच. वरच्या साहेबांशी भांडून विष्णू नावाचा एक शिकाऊ मिळवला, पण त्याला कोणी हातच लावू देईना. महिनाभर असेच चालले, तर साहेब त्याला परत पाठवणार होते.

एके दिवशी ठाकुर्लीच्या बायजाबाई पाठीवरचे गळू फोडून घ्यायला आल्या. विष्णूला बघताच ओरडल्या, "ह्यो शिकाऊ नको. डागतर, तूच काप!"

मी चाकू उचलला.

"तू कोनावर शिकलास रं?"

"तिकडच्या गोऱ्या रोग्यांवर."

"त्यांनी कापू दिलं?"

"दिलं की."

बाईंनी विष्णूकडे पाठ वळवली. "गोऱ्यांनी सोसून एक डागतर केला, मंग दुसरा मी करते. काप रं! पन नीट, तिसऱ्याला माझ्या पाठीवर जागा न्हाय."