दातांची खूण

अल्टूनाच्या जुन्या बंदुकांच्या बाजारात रांगेत माझ्यापुढे म्हातारा डेलबर्ट होता, टेबलामागे विक्रेता मर्विन.

"हीच आमची रायफल! खालची कडी ओढून भरायची, पॉइंट बावीसची. लाकडी दस्त्यावर माझ्या दुधाच्या दातांची खूण बघ."

"दात तुझे असतील, पण नळी भलत्याच रायफलची आहे. दस्ता मला लिलावात सुटा मिळाला."

"सुटा कसा? तिच्या गोळीनं धाकटा भाऊ गेला, त्याच दिवशी बापानं अख्खी रायफल नदीत फेकली. तसंच सांगितलं आम्हाला."

"याला पाणी लागलेलं नाही, डेलबर्ट. स्क्रू हलक्या हातानं काढलाय. चौकडीच्या शर्टात गुंडाळला होता."

"लाल? कोपराला ठिगळ?"

"हो."

"बापाचाच तो शर्ट. मग त्यानं नदीत फेकलं काय? काही कळेनासं झालंय मला."

"घेतोस ना पण?"

"नळी ठेव तुला. लाकूड तेवढं दे."