पिनकोड आणि राज्य

आमचे वडील, आप्पा, कशावरच विश्वास ठेवत न्हाईत. क्लासात ऑनलाइन दुकान काढायला शिकलो आणि आक्काच्या मसाल्यासाठी फॉर्म भरायला बसलतो, तर हे पाठीमागं उभे.

"नाव कशाला पायजे त्यांना?"

"दुकान आपल्या नावावर पायजे न्हवं, आप्पा?"

"आणि मोबाइल नंबर? फसवत्यात रं असंच."

पत्त्यात निपाणीचा पिनकोड टाकला. पुढं राज्याचा रकाना आला. मी कर्नाटक निवडणार, तर आप्पांनी हात धरला.

"महाराष्ट्र टाक."

टाकलं. लगेच लाल अक्षरं उमटली: 'तुमचा पिनकोड आणि राज्य जुळत नाहीत.'

आप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"माणसं भरवशाची दिसत्यात," म्हणाले. "इतकी वर्षं आमी दुसरं काय सांगतोय?"